अळीला आधीच माहीत होतं

सेनगावच्या बाजारातून पालकाची किंवा माठाची जुडी आणलीत, की निवडताना पान जरा उलटं करून बघा. कधी पातळसं जाळं दिसेल, त्याखाली हिरवी अळी. पान उजेडात धरलं, तर काचेसारखे ठिपके. ही अळी खालून कुरतडते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पुढे तिचा तपकिरी पतंग होतो, पंखांवर पांढरे पट्टे.

इंग्रजीत हिचं नाव 'हवाईयन बीट वेबवर्म'. आता हवाई कुठं अन् हिंगोली कुठं! शास्त्रीय नाव स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस. त्यातलं 'रिकर्व्हॅलिस' दिलं योहान फाब्रिसियस या डॅनिश माणसानं, १७७५ साली. हा लिनियसचा शिष्य. गुरू किड्यांची वाटणी पंखांवरून करायचा. शिष्य म्हणाला, पंख सोडा, तोंड बघा. मला हा माणूस म्हणूनच आवडतो.

गुरूनं १७५३ मध्ये आपल्या चाकवताची नोंद केली: चिनोपोडियम आल्बम. चिनोपोडियम म्हणजे हंसाचा पाय. पानाचा आकार तसा ना! पुढे कागदावर वाटण्या झाल्या. माठ-राजगिऱ्याचं कुळ १७८९ मध्ये, चाकवत-पालक-बीटचं १७९९ मध्ये. जवळपास दोनशे वर्षं दोन वेगळी घरं.

मग १९९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटानं डीएनए तपासून दोन्ही घरं एक केली. (काही जण अजून वेगळीच मानतात.) गंमत बघा, पुढच्याच वर्षी, १ मे १९९९ ला, आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला. तिकडं एकत्र, इकडं वाटणी!

अळीनं मात्र वाटणी कधी मानलीच नव्हती. ती माठही खायची, राजगिराही, पालकही, बीटही. फाब्रिसियसचं तोंड इथं खरं ठरलं.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही बरं का. पालक महिनाभरात काढणीला येतो, म्हणजे फवारलेलं औषध आणि आपलं ताट यांत फार दिवस नसतात. आणि एवढं करून वाफा साफ केला, पण बांधावर काटेमाठ तसाच उभा असला, तर? पतंग तिथं अंडी घालतो. त्याच्या लेखी बांध अन् वाफा एकच घर आहे.