एक जागा, दोन गोलकीपर

फुटबॉलमध्ये स्ट्रायकरने चार संधी वाया घालवून पाचवीवर गोल केला की तो हिरो. गोलकीपरने दहा फटके अडवून अकरावा सोडला, की लोकांच्या लक्षात राहतो तो अकरावा! त्यात ही जागा संघात एकच. बाकीच्यांना या नाही तर त्या जागी खेळवता येतं. राखीव गोलकीपरने मात्र बाकावर बसून वाट बघायची. इंग्लंडच्या रे क्लेमन्सने खेळाडू म्हणून या दोन्ही गोष्टी पुरेपूर अनुभवल्या. आणि नंतरची अनेक वर्षं त्याने दुसऱ्या गोलकीपरांना त्यातून निभावून नेण्याचं काम केलं.

क्लेमन्स १९४८ चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्केगनेसचा. नॉट्स काउंटीने त्याला ठेवून घेतलं नाही, तेव्हा तो स्कनथॉर्प या छोट्या क्लबात गेला. उन्हाळ्यात गावच्या किनाऱ्यावर आरामखुर्च्या भाड्याने द्यायचं कामही त्याने केलं. १९६७ साली लिव्हरपूलच्या बिल शँक्लीने त्याला १८,००० पौंडांना घेतलं. तिथेही आधी टॉमी लॉरेन्सच्या मागे राखीव म्हणून अडीच वर्षं. १९७० मध्ये जागा मिळाली, ती १९८१ पर्यंत सोडलीच नाही. त्या काळात त्याने पाच लीग विजेतेपदं आणि तीन युरोपियन कप मिळवले. १९७३ च्या युएफा कपच्या अंतिम फेरीत त्याने हाइंकेसची पेनल्टी अडवली. दोन सामन्यांची बेरीज शेवटी ३-२ झाली, म्हणजे त्या एका फटक्याची किंमत काय ते बघा. १९७८-७९ च्या मोसमात लीगच्या ४२ सामन्यांत लिव्हरपूलवर फक्त १६ गोल झाले.

एवढं असूनही त्याची आठवण काढताना हॅम्पडन पार्क येतंच. १५ मे १९७६, स्कॉटलंडविरुद्ध १-१ बरोबरी. केनी डॅल्ग्लिशने मारलेला अगदी साधा, मरतुकडा फटका क्लेमन्सच्या दोन पायांमधून आत गेला आणि इंग्लंड हरलं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी डॅल्ग्लिश लिव्हरपूलला आला, आणि १९७८ चा युरोपियन कप त्याच्याच गोलवर क्लेमन्सच्या संघाने जिंकला.

दुसरं दुखणं म्हणजे पीटर शिल्टन. एकाच देशात, एकाच वेळी, दोन अव्वल गोलकीपर! प्रशिक्षक रॉन ग्रीनवुडने त्यांना आलटून पालटून खेळवलं. १९८० च्या युरो स्पर्धेत तर तीन सामन्यांपैकी दोन क्लेमन्सला आणि मधला एक शिल्टनला मिळाला. मग १९८२ चा वर्ल्ड कप आला. आधीच्या दोन वर्ल्ड कपांना इंग्लंड पात्रच ठरलं नव्हतं, त्यामुळे क्लेमन्सची ही पहिलीच खेप, वय जवळजवळ ३४. पाचही सामने शिल्टन खेळला आणि त्याच्यावर एकच गोल झाला. क्लेमन्स संघात होता, पण एक मिनिटही मैदानावर उतरला नाही. शेवटी हिशोब असा: शिल्टन १२५ सामने, क्लेमन्स ६१.

१९८१ पासून क्लेमन्स टॉटनहॅमला होता. १९८८ मध्ये खेळणं थांबवल्यावर तो तिथेच प्रशिक्षणात रमला. पुढे बार्नेटचा मॅनेजरही झाला. १९९६ मध्ये त्याचा टॉटनहॅममधला जुना सहकारी ग्लेन हॉडल इंग्लंडचा प्रशिक्षक झाला, त्याने क्लेमन्सला गोलकीपरांसाठी बोलावलं. यानंतर मुख्य प्रशिक्षक बदलत गेले, क्लेमन्स राहिला.

मधल्या काळात खेळही बदलला होता. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ साली आला. क्लेमन्सच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. पण लिव्हरपूलची बचावफळी पुढे सरकून खेळायची आणि तिच्या मागची मोकळी जागा तोच धावत येऊन सांभाळायचा. नव्या काळाची निम्मी तयारी आधीच झालेली होती म्हणा ना.

पण कवायतींपेक्षा अवघड काम वेगळंच असतं. राष्ट्रीय शिबिरात तीन गोलकीपर असतात. तिघांकडून सारखीच मेहनत करून घ्यायची, आणि त्यातले दोघे बहुधा खेळणार नाहीत हे तिघांनाही ठाऊक! शिवाय जो खेळतो त्याच्यावर हॅम्पडनची वेळ कधीही येऊ शकते. २१ जून २००२ ला जपानमध्ये शिझुओकाला ती आली. वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, समोर ब्राझील, पुन्हा १-१. रोनाल्डिन्होची लांबून मारलेली फ्री किक ३८ वर्षांच्या डेव्हिड सीमनच्या डोक्यावरून जाळ्यात गेली. इंग्लंड हरलं आणि सीमन रडत बाहेर पडला. त्या दिवशी संघाच्या ताफ्यात गोलकीपरांचा प्रशिक्षक म्हणून क्लेमन्स होता. हॅम्पडनही भोगलेला आणि १९८२ चा बाकही.

२००५ मध्ये त्याला प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं. त्यानंतरही तो अनेक वर्षं काम करत राहिला. १५ नोव्हेंबर २०२० ला, वयाच्या ७२ व्या वर्षी तो गेला.

खेळाडू क्लेमन्सचा प्रत्येक सामना आणि त्याच्यावर झालेला प्रत्येक गोल कुठे ना कुठे नोंदलेला आहे. प्रशिक्षक क्लेमन्सने किती गोल वाचवले, याचा तक्ता मात्र सापडायचा नाही. ते सगळे दुसऱ्यांच्या नावावर जमा आहेत.