डावे पद, उजवे पद
३ × ४ + ५ म्हणजे किती? आपण सारे सांगू, १७. आधी गुणाकार, मग बेरीज! हा नियम कोणी केला, असे मात्र आपण मास्तरांना कधी विचारले नाही.

कॅनडात १९२० साली जन्मलेल्या केनेथ आयव्हर्सन यांनी ते विचारले. हार्वर्डला शिकविताना त्यांनी नवी चिन्हपद्धती रचली. १९६२ साली तिच्यावरचे पुस्तक निघाले आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून संगणकाची 'एपीएल' ही भाषा ओळखली जाऊ लागली.

क्रिया पुष्कळ, त्यांची मानापमानाची यादी पाठ कोण करणार? म्हणून येथे सर्व क्रियांचा दर्जा एकच. प्रत्येक क्रिया उजवीकडचे सगळे मिळून एक पद घेते, डावीकडचे मात्र लगतचेच. तेव्हा वरच्या मांडणीचे उत्तर येते २७! डावे पद नसेल, तर तीच खूण निराळे काम करते: ८ − ३ ही वजाबाकी, नुसते − ३ म्हणजे चिन्हबदल.

शिवाय क्रियेवरच क्रिया करणारे 'ऑपरेटर' आहेत. बेरजेच्या खुणेला तिरकी रेघ जोडली, की १ २ ३ ४ या रांगेचे १० होतात; गुणाकाराला जोडली, की २४.

ओळ आखूड झाली, पण वाचणाऱ्याची कसोटी वाढली. पुष्कळांनी पाठ फिरविली. १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना आयव्हर्सन बोलले ते याच विषयावर: चिन्हपद्धती हे विचाराचे साधन आहे. साधन माणसाने घडविलेले असते. म्हणूनच ते पुन्हा घडविता येते.