गाणारा कुठे गेला? मोबाइल आणि गाडी जोडणाऱ्या वायरीचा इतिहास

विषय कळवला तेव्हा आयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "एका वायरवर तासभर बोलणार?" बोलणार. आणि सुरुवात घरच्याच एका फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी बाबांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. बाबा ऐंशीच्या पुढचे, नजर अधू, त्यामुळे प्रवासात त्यांना गाणं लागतंच. गाडी जुनी. तिच्यात ब्लूटूथ नाही, पण डॅशबोर्डवर ऑक्सचं भोक आहे. घरातली वायर सापडेना म्हणून वाटेत एका दुकानातून नवी घेतली. चांगली जाडजूड, कापडी वेष्टनाची, दोन्हीकडे सोनेरी पिना. खंबाटकी घाट चढताना अभंग लावला. तबला छान ऐकू येतोय, टाळ वाजतायत, व्हायोलिन आहे. दोन मिनिटं गेली आणि बाबा म्हणाले, "अरे, गाणारा कुठे गेला?"

खरोखरच गेला होता. वायर तुटलेली नव्हती, मोबाइल बिघडलेला नव्हता, गाडीची सिस्टीमही ठणठणीत. तिन्ही वस्तू आपापल्या जागी बरोबर, आणि मधला माणूस गायब! हा गायक हरवला तो एका जुन्या भांडणात. ते भांडण समजून घ्यायला १८७८ पर्यंत मागे जावं लागतं.

२८ जानेवारी १८७८. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक किती? २१. जॉर्ज कॉय या गृहस्थांनी त्याचा बोर्ड घोडागाडीचे बोल्ट, चहाच्या किटल्यांच्या झाकणांच्या मुठी आणि बायकांच्या फुगीर घागऱ्यांमधली तार वापरून बनवला होता. (हशा) हसू नका, चालत होता तो. बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ ला, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या एक्स्चेंजांचं उद्घाटन झालं. म्हणजे या कथेत आपण फार उशिरा आलो असं नाही.

पण ग्राहक वाढले तशी किटलीची झाकणं पुरेनात. एका फोनची तार दुसऱ्याला जोडायची, बोलणं संपलं की सोडवायची, आणि हे दिवसभरात शेकडो वेळा. त्यासाठी शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या चार्ल्स स्क्रिब्नर या तरुणाने एक स्विच काढला. त्याची ठेवण मिटणाऱ्या चाकूसारखी होती. इंग्रजीत असल्या चाकूला जॅक-नाइफ म्हणतात, म्हणून तो झाला जॅक-नाइफ स्विच, आणि पुढे नुसता जॅक. आपण मात्र बिनदिक्कत पिनेलाच जॅक म्हणतो. खरं तर जॅक म्हणजे भोक. गाडी उचलायचा जॅक वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.

पिनेला तीन भाग पडले. पुढचं टोक, मधली कडी आणि मागची लांब बाही. प्रत्येक भाग वेगळ्या तारेला जोडलेला आणि दोन भागांच्या मध्ये विजेला अडवणारा पट्टा. जाडी पाव इंच. ऑपरेटर मुली गेल्या, एक्स्चेंज स्वयंचलित झाली, पण ती पाव इंची पिन आजही इलेक्ट्रिक गिटारला लावतात. वस्तू मरतात, त्यांची मापं मरत नाहीत.

ट्रान्झिस्टर रेडिओ खिशात मावू लागले तेव्हा पाव इंची भोक त्यांना झेपेना. मग तीच रचना आक्रसून ३.५ मिलिमीटरवर आली. १ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन जपानात विक्रीला आला. त्याला अशी दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी. टोकावर डावा आवाज, कडीवर उजवा, आणि बाही म्हणजे दोघांचा सामाईक परतीचा रस्ता, ज्याला वायरमन अर्थ म्हणतात. आता इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं की हे भोक वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मोठी कंपनी असो की तापकीर गल्लीत डाग देणारा पोरगा, पिन कुणीही बनवावी, कुणाच्याही यंत्रात खुपसावी.

गाडीकडे येऊ. १९३० मध्ये पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटोरोला हा गाडीतला रेडिओ आणला. अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे त्यांनी आपली गाडी बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवला. पण गाडीतल्या रेडिओवर केंद्राने लावलं तेच ऐकायचं. स्वतःचं गाणं घेऊन बसायची सोय झाली ती फिलिप्सच्या कॅसेटमुळे, १९६३ नंतर. १९८४ मध्ये सोनीने हातात धरायचा सीडी प्लेअर काढला आणि एक पेच पडला. नवं यंत्र हातात, जुना कॅसेट प्लेअर गाडीत, आणि गाडीला बाहेरचा आवाज आत घ्यायचं दारच नाही.

यावर निघालेली युक्ती मला फार आवडते. खोटी कॅसेट! आत फीत नाही. फितीच्या जागी एक चुंबकी हेड, त्यातून निघालेली वायर आणि शेवटी ३.५ ची पिन. गाडीचा हेड समजतो की समोरून फीत चाललीय. फसवणूकच, पण दोन्हीकडच्या कंपन्यांना न विचारता केलेली.

२००१ मध्ये आयपॉड आला आणि पुढच्या काही वर्षांत गाडीवाले स्वतःच डॅशबोर्डवर भोक ठेवू लागले. ऑक्स म्हणजे ऑक्झिलिअरी, साहाय्यक. हे दार तीन तारांचं होतं, वॉकमनच्याच हिशोबाचं.

मोबाइलला मात्र चौथी तार हवी होती, कारण त्यात बोलायचं असतं. आधी प्रत्येक कंपनीची पिनच वेगळी. नोकियाचं पॉप-पोर्ट आठवतं ना? मग सगळे हळूहळू ३.५ वर आले, पण चार भागांच्या पिनेवर माइक कुठे आणि अर्थ कुठे यावर एकमत होईना. नोकियासकट अनेकांनी बाहीवर अर्थ ठेवला आणि त्याच्या आधीच्या कडीवर माइक. ॲपलने नेमकं उलटं केलं. पुढे ॲपलचाच क्रम बहुतेकांनी उचलला. भोक तेच, पिन दिसायला तीच, आतला करार बदललेला, आणि वर कुठेही लिहिलेलं नाही.

आता माझा गायक. मी घेतलेल्या वायरीला दोन्हीकडे चार भागांच्या पिना होत्या. गाडीचं भोक तीन भागांचं. गाडीने बाहीला अर्थ मानलं, मोबाइलच्या हिशोबाने तिथे होता माइक. परतीचा रस्ता तुटला. अशा वेळी डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक स्पीकरपर्यंत पोचतो. टाळ एका बाजूला, व्हायोलिन दुसऱ्या बाजूला, म्हणून ते वाचतात. गाणारा असतो मधोमध, दोन्हीकडे सारखा. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. बाबांच्या आवडीचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावलं असतं, तर जवळपास काहीच ऐकू आलं नसतं आणि मी मुकाट्याने वायर बदलून मोकळा झालो असतो. माझा फोन नोकियाच्या क्रमाचा असता, तर हीच वायर बिनतक्रार चालली असती.

म्हणून दुकानात गेलात की किंमत नंतर बघा, आधी पिनेवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे म्हणजे तीन भाग. गाडीसाठी दोन्हीकडे हीच हवी. ही मोबाइलमध्ये घातली की तिची लांब बाही माइक आणि अर्थ दोन्हींना टेकते, फोनला कळतं की माइक नाही, आणि तो निमूट गाणं वाजवतो. तीन पट्टे असतील तर परत ठेवा. सोन्याच्या मुलाम्याने आवाज गोड होत नाही, पण तो गंजत नाही, तेव्हा कोकणात राहणाऱ्यांनी जरूर घ्यावा. वायर तुटते ती नेहमी पिनेच्या मानेशी, तिथला रबर बघा. मीटरभर लांबी पुष्कळ झाली. फोनचा आवाज वर ठेवा, गाडीचा खाली, म्हणजे खरखर कमी येते. आणि गाडीच्याच चार्जरवर फोन लावल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारा कुईं आवाज आला, तर वायरीला शिव्या देऊ नका. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्यामुळे अल्टरनेटरचा आवाज आत शिरतो. चार्जर काढून पाहा. थांबला तर कारण तेच. मधे बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो.

पण हे सगळं फोनला भोक असेल तर. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते काढलं. मंचावर त्यासाठी 'धैर्य' हा शब्द वापरला होता. पुढे बहुतेक महागड्या फोनांतून ते गेलं. जागा वाचते, पाणी शिरत नाही ही कारणं खोटी नाहीत. मात्र जे काम तांब्याच्या तीन तारा करत होत्या, त्यासाठी आता मधे एक चिप लागते. फोनमधले आकडे विजेच्या लहरींत बदलणारी ही चिप पूर्वी फोनच्या पोटात होती, आता अनेकदा ती बोटभर अडॅप्टरमध्ये असते. यूएसबी-सी चे अडॅप्टर दोन जातींचे आहेत. एकात चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा काही फोनांवर चालतो, बाकीच्यांवर मुका राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात! पाकिटावर डीएसी ही तीन अक्षरं शोधा, नाहीतर दुकानातच आपला फोन लावून बघा.

ब्लूटूथ का नाही, हा प्रश्न येणारच. सोयीचं आहे, माझ्या मुलीच्या गाडीत तेच आहे. बाबांना मात्र ते जमत नाही. कुठल्या फोनला जोडलंय, का सुटलं, हे पडद्यावर वाचावं लागतं आणि वाचणं त्यांना शक्य नाही. पिन हाताला लागते. आत गेली की टक् होतं. त्यांचा नवा फोन बिनभोकाचा आहे, म्हणून अडॅप्टर मी वायरीच्या टोकाला दोऱ्याने बांधून ठेवलाय. गाडीत बसलो की ते चाचपडत स्वतः लावतात आणि गाणारा आला की मान हलवतात.

इथे थांबतो. मागे कुणीतरी हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरू करू.