दोन ग्रंथ आणि एक वाचक

नेपल्सच्या जियांबात्तिस्ता देल्ला पोर्ता या पंडिताने १५९३ साली प्रकाशाच्या वक्रीभवनावर जो लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात एक साधा प्रयोग नोंदलेला आहे. दोन डोळ्यांच्या मध्ये आडोसा धरावा, उजव्या डोळ्यापुढे एक पुस्तक ठेवून ते वाचावे, आणि डाव्यापुढे कोणी दुसरे पुस्तक धरले तर काय घडते ते पाहावे. पोर्ता सांगतो की ते दुसरे पुस्तक वाचता तर येत नाहीच, पण त्याची पानेही दिसत नाहीत. ती दिसावयाची तर दृष्टीची शक्ती क्षणभर उजव्या डोळ्याकडून काढून डाव्याच्या हवाली करावी लागते. आपल्या काकाक्षिगोलकन्यायात कावळ्याचे एकच बुबुळ गरजेनुसार दोन्ही खाचांत फिरते असे मानले आहे. पोर्ताने नकळत तीच वहिवाट मनुष्याच्या अवधानाला लावली.

डोळ्यांच्या या झगड्याचा, ज्याला शास्त्रज्ञ द्विनेत्री स्पर्धा म्हणतात त्याचा, मेंदूच्या लहरींवरून माग काढण्याची जी युक्ती आज प्रयोगशाळांत रूढ आहे, तिचा जन्म पुष्कळदा १९९७-९८ च्या सुमारास धरला जातो. हे कूळ मला मान्य नाही. त्या युक्तीचा प्रश्न पोर्ताचा आहे आणि तिचे हत्यार १९३४ साली केंब्रिज येथे, भलत्याच कामासाठी घडलेले आहे.

स्पर्धा म्हणजे काय ते ज्याला पाहावयाचे असेल त्याने चित्रपटगृहात पूर्वी वाटत असत तसला एक काच तांबडी आणि एक निळी असा चष्मा लावून पांढऱ्या भिंतीकडे स्वस्थ पाहत बसावे. दोन रंगांचे मिश्रण होऊन जांभळी भिंत स्थिरपणे दिसेल ही अपेक्षा फोल ठरते. काही क्षण तांबड्याचा अंमल, मग कडेकडेने निळे ठिगळ शिरते, पसरते, सगळी भिंत व्यापते आणि पुन्हा मागे हटते. डोळ्यांवर पडणारा प्रकाश तोच असतो, भिंत तीच असते. पालटते ते फक्त दिसणे.

आता खरा वाद. चार्ल्स व्हीट्स्टनने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे आपले स्टिरिओस्कोप मांडले, तेव्हा एका डोळ्यापुढे वर्तुळातील एस् आणि दुसऱ्यापुढे तशाच वर्तुळातील ए ही अक्षरे ठेवून त्याने असे पाहिले की वर्तुळ अढळ राहते, अक्षरे मात्र आळीपाळीने येतात व जातात, आणि कोणते अक्षर दिसावे हे ठरविणे इच्छेच्या हाती नाही. पोर्ताचा दावा येथे निकालात निघाल्यासारखा वाटतो. परंतु १८६७ पर्यंत पूर्ण झालेल्या आपल्या दृष्टिविषयक महाग्रंथात हेल्महोल्ट्झने उलट साक्ष दिली: दोन डोळ्यांपुढे विरुद्ध दिशांनी कललेल्या रेषा असता त्यांपैकी एका संचातील रेषा मोजू लागावे, म्हणजे तो संच बराच वेळ टिकवून धरता येतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेरिंगने त्यास कडाडून विरोध केला, कारण त्याच्या मते हा सारा मामला इंद्रियांच्या पातळीवर मिटतो, अवधानाला तेथे मुखत्यारी नाही.

व्हीट्स्टन व हेल्महोल्ट्झ या दोन थोर निरीक्षकांच्या जबान्या इतक्या विरुद्ध का, याची एक उपपत्ती मला सुचते आणि ती मी आग्रहाने मांडतो. व्हीट्स्टनच्या अक्षरांत मनाला करण्यासारखे काही नव्हते. एकदा एस् ओळखले की काम संपले. पोर्ता वाचीत होता, हेल्महोल्ट्झ मोजीत होता. नुसती इच्छा अवधानाला धरून ठेवू शकत नाही, त्याला काम लागते. आणि काम दिले तोच पक्ष जिंकू लागतो. यावर मानसशास्त्रज्ञ ब्रीसचा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याने १८९९ साली दाखविले की प्रयत्नाने एक चित्र टिकविता येते खरे, पण त्याच वेळी डोळ्यांची हालचाल वाढते, आणि डोळे निश्चल ठेवले की तो ताबा जातो. म्हणजे मोजणाऱ्याचे अवधान नव्हे, तर रेषांवरून धावणारा त्याचा डोळाच त्या संचाला ताजे करीत असावा. मात्र हा आक्षेप प्रमाणाबाहेर ताणू नये. नेत्रपटलावर छापल्यासारख्या उमटलेल्या अनुप्रतिमा डोळ्याबरोबरच हलतात, तरी त्यांच्यातही ही स्पर्धा चालूच राहते, तेव्हा केवळ डोळ्यांच्या हालचालीवर सगळे ढकलता येत नाही. तरीही ब्रीसच्या काळी अधिक पुरावा मिळणे शक्य नव्हते, कारण जो तो पाहणाऱ्याच्या तोंडच्या जबानीवरच विसंबून होता.

दुसरा पुरावा अनपेक्षित दिशेने आला. येना येथील हान्स बर्गरने १९२९ साली मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी प्रसिद्ध केल्या, त्यांत सेकंदाला सुमारे दहा वेळा उठणारी अल्फा लहर प्रमुख होती. पण लोकांचा विश्वास बसेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी त्याची रुजवात घेतली, आणि एड्रियनची अल्फा लहर ठसठशीत असल्यामुळे तो स्वतःच प्रयोगाचा विषय झाला. डोळे उघडून काही न्याहाळले की लहर मोडे. डोळे मिटलेले असतानाही अवघड हिशेब करावयास दिला तरी ती मोडे. येथेही पुन्हा काम आणि अवधान! त्याच प्रयोगमालेत त्यांनी लुकलुकणारा प्रकाश दाखविला, तेव्हा मेंदूची लहर आपली चाल सोडून प्रकाशाच्या तालावर चालू लागली. बर्गरची पडताळणी करताना हाती आलेले हे फळ पुढे मूळ कामापेक्षा मोठे ठरले, असे मी म्हणेन.

कारण ज्या तालाने प्रकाश लुकलुकतो तोच ताल कवटीवर मोजता येत असेल, तर त्या तालावरून त्याचा उगम ओळखता येतो. टपालावरचा शिक्का पाहून पत्र कोणत्या गावचे ते कळते, तसे. रॉबर्ट लॅन्सिंगने १९६४ साली एका डोळ्यापुढे लुकलुकणारा प्रकाश ठेवून हाच शिक्का स्पर्धेत वापरला, आणि तो डोळा दबला की मेंदूतील त्या तालाचा जोरही ओसरतो असे आढळले. पाहणाऱ्याने काही बोलण्याच्या आधीच मेंदूची साक्ष कागदावर उतरू लागली. पुढे ब्राउन व नॉर्शिया यांनी १९९७ साली दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे ताल देऊन ही आळीपाळी घडत असतानाच टिपली, आणि १९९८ साली टोनोनी, एडेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती मेंदूच्या चुंबकीय लहरींना लावली. ही मंडळी थोर, पण ती वारस होत, मूळ पुरुष नव्हेत.

आणि पोर्ताच्या खटल्याची सुनावणी २०११ साली झाली. पेंग झांग, शेंग ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन डोळ्यांना दोन ताल दिले. पाहणारा चित्रांकडे लक्ष देत असता एक ताल चढे तेव्हा दुसरा उतरे, जशी स्पर्धेत अपेक्षा असावी तशी. मग त्याचे अवधान दुसऱ्याच एका अवघड कामात गुंतविले. चित्रे डोळ्यांपुढे होतीच, ताल मेंदूत पोहोचत होतेच, पण त्यांची ती चढउतार, एकाने दुसऱ्याला दाबण्याची ती आळीपाळी, नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रास्कँप व ब्लेक यांनी लहरींचा आधार न घेता, केवळ दिसण्यावरून, अवधान हटल्यास स्पर्धा थांबते असा पुरावा दिला. व्हीट्स्टनचे म्हणणे याने खोटे ठरत नाही, कारण लक्ष दिले तरी आळीपाळी कायमची थोपविता येत नाही. हेरिंगचे मात्र सरसकट खरे मानता येत नाही, कारण ज्या झगड्याला तो इंद्रियांचा खाजगी व्यवहार समजत होता, तो अवधानाच्या गैरहजेरीत उभाच राहत नाही.