प्रजनक माशांचा आहार व अंड्यांची प्रत
प्रजननापूर्वी मत्स्यशेतीतील गोड्या पाण्याच्या माशांना दिलेल्या खाद्यावर त्यांच्या अंड्यांची प्रत अवलंबून असते. महाराष्ट्रात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज पावसाळ्यात काढतात. प्रजनकांची जोपासना मात्र काही महिने आधीच सुरू होते. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा हे त्यांचे रूढ खाद्य. मादीच्या यकृतात तयार झालेली पीतकद्रव्ये अंड्यात साठतात; उबवणीनंतर सुमारे ३ दिवस पिल्लू त्यांवरच जगते. आहारात प्रथिने, ओमेगा-३ मेदाम्ले, ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे कमी पडल्यास फलन घटते व पिल्ले अशक्त निपजतात. फलित अंडी पारदर्शक राहतात, मेलेली पांढरी पडतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने कार्प प्रजनकांसाठी ‘सिफाब्रूड’ हे खाद्य विकसित केले आहे.