टेंबे, गोविंद सदाशिव

(५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५). मराठी संगीत रंगभूमीवरील संगीतकार, हार्मोनियमवादक, गायक नट व लेखक. जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी.

टेंबे यांचे बरेचसे संगीतशिक्षण ऐकण्यातून झाले. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा बखले यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. भास्करबुवांच्या मैफलींत ते पेटीची साथ करीत. पेटीचा प्रत्येक सूर सुटा असल्यामुळे तिच्यावर मींड निघत नाही. भात्यावरचा ताबा आणि बोटांची सफाई यांच्या बळावर टेंबे या मर्यादेतही गायकीचा आभास निर्माण करीत. स्वतंत्र पेटीवादनाला मैफलीत मान मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते.

*मानापमान* : अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये *शाकुंतल* रंगभूमीवर आणल्यापासून नाटकांतील पदे मुख्यतः साकी, दिंडी, कीर्तनी आणि कर्नाटकी वळणाच्या चालींवर गायिली जात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या *मानापमान* या नाटकाला टेंबे यांनी ख्याल, ठुमरी, कजरी अशा उत्तर हिंदुस्थानी प्रकारांवर बेतलेल्या चाली दिल्या. अनेक पदांच्या बाबतीत आधी चाल ठरे आणि खाडिलकर तिच्यावर शब्द बसवीत. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत या नाटकाचा पहिला प्रयोग केला. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. नाटकातल्या पदाला मैफलीतील चिजेची प्रतिष्ठा येऊ लागली ती प्रामुख्याने येथून. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग याच नाटकाचा. *विद्याहरण* (१९१३) या खाडिलकरांच्या नाटकालाही टेंबे यांचेच संगीत होते.

नाटक मंडळ्या व चित्रपट : १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे टेंबे तिच्यातून बाहेर पडले व त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. *पटवर्धन* आणि *वरवंचना* ही नाटके त्यांनी स्वतः लिहिली. प्रभात फिल्म कंपनीच्या *अयोध्येचा राजा* (१९३२) या बोलपटाचे संगीत त्यांचे होते. त्यात हरिश्चंद्राची भूमिका त्यांनी केली, तर तारामती दुर्गा खोटे होत्या.

संगीतिका : युरोपीय ऑपेरात कथानक बहुतांशी गायनातूनच उलगडते, मराठी संगीत नाटकात मात्र गद्य संवाद चालू असतानाच पदांची पेरणी होते. त्यामुळे रंगलेल्या पदाला पुन्हापुन्हा ‘वन्स मोअर’ मिळे आणि तेवढा वेळ कथानक थांबून राही. *महाश्वेता* आणि *जयदेव* या संगीतिकांत टेंबे यांनी सबंध कथानकच सुरांच्या हवाली केले. मराठीतील हे या प्रकारचे आरंभीचे प्रयत्न होत.

ग्रंथलेखन : *माझा संगीत व्यासंग* (१९३९), *कल्पना संगीत* आणि *माझा जीवनविहार* हे त्यांचे प्रमुख ग्रंथ. अल्लादियाखाँ यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. साथीदार म्हणून गवयांच्या शेजारी बसून त्यांनी जे टिपले, ते या लेखनात जागोजाग आढळते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गायक आणि नाटक मंडळ्या यांच्या अभ्यासकांना त्यांचे ग्रंथ आजही उपयुक्त ठरतात.