काकांची मॅटाडोर

परवा लातूरहून काकांचा फोन आला. "गाडी भंगारात द्यावी म्हणतो." मी गप्पच झालो.

बजाज टेम्पोची (2005 पासून फोर्स मोटर्स) मॅटाडोर! एकेकाळी लग्नाचं वऱ्हाड म्हटलं की आमच्याकडे हीच गाडी. काकांनी जुनी घेतली आणि नांदेडला मागची बाकं काढून लोखंडी अँगलवर प्लायवूडचा पलंग ठोकून घेतला. पलंगाखाली स्टोव्ह, भांडी, पाण्याचा कॅन. माहूर, तुळजापूर, मुक्काम गाडीतच. काकू हसायच्या, "घर असताना हे बिऱ्हाड कशाला?"

मग 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली.

लातूरचं आमचं घर शाबूत होतं, पण आत झोपायची हिंमत कुणाला? कितीतरी रात्री आम्ही सातजण त्या पलंगावर दाटीवाटीने झोपलो. काकूसुद्धा.

पुढे सहली थांबल्या. तरी काका दर महिन्याला गाडी सुरू करायचे, ऑइल-पाणी बघायचे, गंजलेला पत्रा वेल्ड करून घ्यायचे. आम्ही त्याला छंद समजत होतो.

"काका, आता घरात झोप लागते?"

थोडं थांबून म्हणाले, "आता लागते रे."